१६ लाखांचं पॅकेज: कॅल्क्युलेटर म्हणतो १ लाख २४ हजार, एचआर म्हणते ९६ हजार. खरं कोण?

गोंधळलेला पुणेकर | ६ डिसेंबर २०२५, रात्री १०:१२

मंडळी, नवीन ऑफर हातात आली आहे आणि सही करायच्या आधी डोकं चक्रावलंय. सध्या ७८,००० ग्रॉस (कपातीआधीचा पगार) आहे, नव्या ठिकाणी १६ लाख सीटीसी. १ फेब्रुवारीला रुजू व्हायचंय. नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये १६ लाख टाकले तर महिना १,२३,९०८ दाखवतो. एचआरला फोन केला तर बाई शांतपणे म्हणाल्या, "साधारण शहाण्णव धरा." २८ हजारांचा फरक! एवढ्यात आमच्या फ्लॅटचं भाडं भागून वर किराणा येतो.

ऑफर लेटरसोबतचा तक्ता असा:

बेसिक ५०,००० दरमहा
घरभाडे भत्ता २५,००० दरमहा
स्पेशल अलाउन्स ३५,००० दरमहा
कंपनीचा पीएफ ६,००० दरमहा
ग्रॅच्युइटी २८,८६० वार्षिक
आरोग्य विमा १९,१४० वार्षिक
व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून मिळणारी रक्कम) १,६०,००० वार्षिक

नवी करप्रणाली धरली आहे. हे पैसे जातात कुठे, कोणी नीट फोड करून सांगेल का?

तिरकस | ६ डिसेंबर, रात्री १०:३१

लग्नात बायोडेटात लिहायचा पगार म्हणजे सीटीसी. सासरे जमल्यावर कळतो तो इन-हँड. अभिनंदन, पेढे ९६ हजारांच्या हिशोबाने वाटा.

खतावणी | ६ डिसेंबर, रात्री ११:२०

पुणेकर, कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाहीये. त्याला १६ लाख हा तुमचा पगार वाटला, त्याने तसा हिशोब केला. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला केवढ्याला पडता तो आकडा. त्यातला बराचसा भाग तुमच्या पे-स्लिपवर उमटतच नाही.

वरून खाली येऊ. १६ लाख भागिले १२ म्हणजे १,३३,३३३. यातून व्हेरिएबलचे महिन्याचे १३,३३३ बाजूला. कंपनीचा पीएफ ६,०००, ग्रॅच्युइटी २,४०५, विमा १,५९५. राहिले बरोबर १,१०,०००. हा तुमचा ग्रॉस. बेसिक, घरभाडे, स्पेशल अलाउन्स यांची बेरीज करून पाहा, तेवढीच येते.

आता तुमच्या बाजूच्या कपाती. पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ६,०००. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० भरावेत म्हणून. आणि टीडीएस, म्हणजे कंपनी पगारातूनच कापून भरते तो आयकर.

टीडीएसचं गणित असं. वर्षाचा ग्रॉस १३,२०,०००, त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००. करपात्र १२,४५,०००. यंदाचे स्लॅब: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ ला ५ टक्के, ८ ते १२ ला १०, १२ ते १६ ला १५, १६ ते २० ला २०, २० ते २४ ला २५ आणि त्याच्या वर ३०. त्याप्रमाणे २०,००० + ४०,००० + ६,७५० = ६६,७५०. पण १२ लाखांपर्यंत पूर्ण माफी असल्यामुळे जरासं वर गेलेल्यांना मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढे रुपये, त्यापेक्षा जास्त कर लावायचा नाही. म्हणून कर ४५,०००, त्यावर ४ टक्के सेस (उपकर) १,८००. एकूण ४६,८००, महिन्याला ३,९००.

१,१०,००० वजा ६,००० वजा २०० वजा ३,९०० = ९९,९००.

मग बाई ९६ का म्हणाल्या? त्यांच्या पेरोलमध्ये व्हेरिएबल मिळणारच असं धरून वर्षाचा अंदाज बांधतात. तसं केलं की करपात्र १४,०५,०००, कर ९०,७५०, सेस ३,६३०, एकूण ९४,३८०. महिन्याचा टीडीएस ७,८६५ आणि हातात ९५,९३५. बाई अगदी चोख आहेत.

गोंधळलेला पुणेकर | ६ डिसेंबर, रात्री ११:४८

वा! फोड समजली. पण एक कळलं नाही. व्हेरिएबल १,६०,००० मिळालं तर कर ४६,८०० वरून ९४,३८० होतो. म्हणजे १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असून माझ्या व्हेरिएबलवर जवळजवळ ३० टक्के कापले गेले?

खतावणी | ७ डिसेंबर, सकाळी ७:०५

अगदी बरोबर पकडलंत. १२ लाख ते साधारण १२,७०,५८८ हा पट्टा दलदलीचा आहे. त्यात पाय पडला की वरचा प्रत्येक रुपया सरकारकडे जातो, शिवाय त्यावर सेस. तुमचा फिक्स्ड पगार आधीच त्या पट्ट्याच्या मधोमध उभा आहे. व्हेरिएबलचे पहिले २५ हजार त्या पट्ट्यातच संपतात, उरलेल्यावर मग साधा १५.६ टक्के. पट्ट्याच्या बाहेर पडलेल्याला रिलीफ उरत नाही, स्लॅबचाच कर.

लोक "१२,७५,००० पर्यंत पगाराला टॅक्स नाही" एवढंच लक्षात ठेवतात. त्याच्या पुढचे ७० हजार कोणी पाहत नाही.

एचआरवाली | ७ डिसेंबर, सकाळी ९:१५

एचआरच्या बाजूने एक. सीटीसी फुगवून सांगतात ही तक्रार खरी आहे, पण सगळ्याच कंपन्या तसं सांगतात म्हणून एकटी कंपनी ग्रॉस सांगू शकत नाही, उमेदवाराला ऑफर कमी वाटते. तुम्ही मात्र ऑफरची तुलना करताना दोन्हीकडचे ग्रॉस शेजारी मांडा. आणि व्हेरिएबलबद्दल तीन गोष्टी मेलवर लिहून मागा: कधी देतात, पहिल्या वर्षी महिन्यांच्या प्रमाणात देतात का, आणि मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं. फोनवर सांगितलेलं पुढे कोणाला आठवत नाही. माझ्यासकट.

ग्रॅच्युइटीचे २८,८६० हे तुम्हाला दरवर्षी मिळत नाहीत, ती तरतूद आहे. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाली तर हातात पडते. (बेसिकच्या ४.८१ टक्के दिसतं ते वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून.) तीन वर्षांत नोकरी बदलायची सवय असेल तर सीटीसीतून ते आत्ताच वजा करून टाका.

आणि २१ नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात वेतनाची व्याख्या बदलली: भत्ते निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. तुमचं बेसिक ग्रॉसच्या ४५ टक्के आहे. म्हणजे तक्ता बदलण्याची शक्यता आहे. कंपनी बेसिक ५५,००० करणार असेल तर पीएफ दोन्हीकडून ६०० ने वाढेल आणि सीटीसी तेवढीच ठेवली तर स्पेशल अलाउन्स खाली येईल. सहीच्या आधी विचारा, हाच तक्ता एप्रिलनंतर राहणार आहे का.

चहाबाज | ७ डिसेंबर, सकाळी १०:४०

इतका काथ्याकूट कशाला? रुजू होताना पीएफ १,८०० करून घ्या. कायद्याने १५,००० वरच १२ टक्के बंधनकारक आहेत. तुमचे ४,२०० आणि कंपनीचे ४,२००, महिन्याला ८,४०० हातात जास्त. एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) लावा, पीएफपेक्षा बरं पडेल.

खतावणी | ७ डिसेंबर, दुपारी १२:१०

चहाबाज, कप खाली ठेवा आणि कागद घ्या. तुमचे स्वतःचे ४,२०० पूर्ण हातात येतील हे मान्य, कारण नव्या प्रणालीत कर्मचाऱ्याच्या पीएफला वजावटच नाही, त्यावर कर आधीच बसलेला आहे. पण कंपनीचे ४,२०० पीएफमध्ये गेले तर करमुक्त, स्पेशल अलाउन्समध्ये आले तर करपात्र. पुणेकरांच्या बाबतीत वर्षाचे ५०,४०० वाढून करपात्र १२,९५,४०० होतं आणि कर ४६,८०० वरून ७७,२८२ वर जातो. म्हणजे ५०,४०० पैकी ३०,४८२ कर! हातात येतात १९,९१८.

व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर ते पट्ट्याच्या बाहेर असतील, तेव्हा ५०,४०० वर कर ७,८६२. ही गोष्ट वेगळी. पण ८,४०० काही मिळत नाहीत.

चहाबाज | ७ डिसेंबर, दुपारी १२:३२

बरं, तो पट्टा मी धरला नव्हता. पण माझा मुद्दा कायम आहे. ज्याला गृहकर्जाचा हप्ता भरताना महिनाअखेरीला ओढाताण होते, त्याला साठीत मिळणाऱ्या पैशांचं कौतुक सांगून काय उपयोग?

खतावणी | ७ डिसेंबर, दुपारी १२:५०

त्याला ना नाही. तंगी असेल तर १,८०० वर या. पण ते तंगीसाठी करा, एसआयपीच्या नावाखाली नको. आमच्याकडे ज्यांनी ज्यांनी "फरकाचे पैसे गुंतवीन" म्हणून पीएफ कमी केला, त्यांच्या फरकाचे पैसे गोव्याच्या ट्रिपा झाले. पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज आहे, तेही जोखीम न घेता.

पासबुक पाहताना आणखी एक: कंपनीचे ६,००० पूर्ण तुमच्या पीएफ खात्यात दिसले नाहीत तर घाबरू नका. पेन्शन योजनेचे सभासद असाल तर त्यातले १,२५० तिकडे जातात, पीएफमध्ये ४,७५० दिसतात.

सिन्नरकर | ७ डिसेंबर, दुपारी ३:२५

जुनी प्रणाली कोणी विचारातच घेत नाहीये. मी पुण्यात भाड्याने राहतो, नाशिकच्या फ्लॅटवर कर्ज आहे, तिथे आई-वडील राहतात. मला अजून जुनीच परवडते. पुणेकर, तुमचं भाडं किती?

गोंधळलेला पुणेकर | ७ डिसेंबर, दुपारी ३:४०

२५,०००. कर्ज नाही. ८०सी (पीएफ, विमा वगैरे बचतीची दीड लाखाची वजावट) कसंबसं भरतं, आरोग्य विम्याचा वेगळा हप्ता २५,००० आहे.

खतावणी | ७ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

मग करून पाहू. घरभाड्याची सूट तीन आकड्यांतला सगळ्यात लहान: मिळालेला भत्ता ३,००,०००, भाडं वजा बेसिकचे १० टक्के, म्हणजे २,४०,०००, आणि बेसिकचे ४० टक्के, तेही २,४०,०००. (मुंबईत ५० टक्के. पुण्याचं भाडं मुंबईशी स्पर्धा करतं, पण २०२५-२६ मध्ये आयकराच्या लेखी पुणे ४० मध्येच होतं.) सूट २,४०,०००.

१३,२०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, घरभाडं २,४०,०००, ८०सी १,५०,०००, विमा २५,०००. करपात्र ८,५२,५००. जुन्या दराने कर ८३,०००, सेससकट ८६,३२०. नव्यात ४६,८००. जुनी प्रणाली विसरा.

सिन्नरकरांसारखं २ लाख गृहकर्जाचं व्याज असतं तर करपात्र ६,५२,५००, कर सेससकट ४४,७२०. म्हणजे एवढं सगळं जमवून नव्यापेक्षा २,०८० ची बचत. त्यासाठी भाड्याच्या पावत्या, मालकाचा पॅन, विम्याच्या पावत्या, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र जानेवारीत अपलोड करत बसा. सिन्नरकर, तुमचा पगार जास्त असणार, म्हणून तुम्हाला फरक मोठा दिसतो.

सिन्नरकर | ७ डिसेंबर, सायंकाळी ६:०२

हो, जास्त आहे. आणि एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) वेगळे ५०,००० पण टाकतो. पण मी दोन्ही प्रणाल्यांची बेरीज दर एप्रिलमध्ये करतो. कंपनीला काही कळवलं नाही तर ती नवीच धरते, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं. विवरणपत्र भरताना पगारदाराला प्रणाली बदलता येते, मात्र मुदतीच्या आत.

चाकणवाला | ७ डिसेंबर, रात्री ८:१०

लाखांच्या गप्पांत आमचाही हिशोब येऊ दे. धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात आहे. ऑक्टोबरपर्यंत ग्रॉस २०,०००, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १४,०००. पीएफ १,६८०, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे १५०, व्यवसाय कर २००. हातात १७,९७०. जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधीचे २५ रुपये आणखी. बस आणि कँटीनचं वेगळं, ते कंपनी-कंपनीवर आहे.

त्याच लाइनवरच्या मुलींना मात्र हातात १८,१७० पडतात. पहिल्या महिन्यात यावरून वादच झाला, सुपरवायझरने २०० खाल्ले असं पोरांना वाटलं. महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ आहे, एप्रिल २०२३ पासून. पुरुषांना ७,५०० च्या वर १७५ आणि १०,००० च्या वर २००.

प्रश्न एवढाच की नोव्हेंबरपासून त्याचा पगार २१,५०० झाला, तरी ईएसआय कापतायत. मर्यादा २१,००० आहे ना?

एचआरवाली | ७ डिसेंबर, रात्री ८:४५

कापणं बरोबर आहे. ईएसआयचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हंगामाच्या मधे मर्यादा ओलांडली तरी हंगाम संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि पूर्ण पगारावर. म्हणजे मार्चपर्यंत जाईल. भाऊसाहेबांना सांगा, तोवर कार्ड जपून ठेवा. आजारपणात रजा पडली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते, ते सहसा कोणी मागत नाही.

खडूफळा | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

जिल्हा परिषदेच्या शाळेतून नमस्कार. आमच्याकडे सीटीसी नाही, शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आहे. २००५ च्या १ नोव्हेंबरनंतर लागलेल्या आम्हा लोकांचे एनपीएसला बेसिक आणि महागाई भत्त्याचे १० टक्के कापतात, सरकार १४ टक्के घालतं. व्यवसाय कर, गटविमा या शासकीय कपाती. त्यानंतर खरी यादी सुरू होते, अशासकीय: पतसंस्थेची वर्गणी, पतसंस्थेचं कर्ज, जामीन राहिलेल्या मित्राने हप्ता थकवला तर तोही. आमच्या एका गुरुजींची शासकीय कपात एवढीशी आणि अशासकीय तिच्या तिप्पट. मुख्याध्यापक पगारपत्रक हातात देताना नजर चुकवतात.

नवीन लग्न ठरलेल्या शिक्षकाचा "ग्रॉस" विचारू नका, "पतसंस्था किती?" विचारा.

राइनकाठ | ७ डिसेंबर, रात्री ११:१५

जर्मनीत सीटीसी हा प्रकारच नाही. ऑफरमध्ये ब्रुटो (म्हणजे ग्रॉस) लिहितात, कंपनीचा विम्याचा वाटा त्याच्या वर, तो तुम्हाला दाखवून मोठेपणा मिळवत नाहीत. ब्रुटोतून पेन्शन ९.३ टक्के, बेरोजगारी विमा १.३, आरोग्य विमा ७.३ आणि त्यावर विमा कंपनीच्या जादा वर्गणीचा अर्धा भाग, काळजी विमा १.८, मूल नसेल तर ०.६ आणखी. मग करवर्गाप्रमाणे आयकर. लग्न झालं की करवर्ग बदलतो आणि नेटो (हातात येणारा पगार) खरोखर बदलतो, म्हणून इथे पोरं लग्नाची तारीख टॅक्सकडे बघून ठरवतात (अर्धा विनोद). नवख्या मराठी माणसाला एकच सल्ला: नगरपालिकेत नोंदणी करताना धर्माचा रकाना नीट वाचा. तिथे चर्चचं सभासदत्व नोंदलं गेलं तर आयकराच्या ८ ते ९ टक्के चर्च कर लागतो.

तिरकस | ७ डिसेंबर, रात्री ११:२२

आमच्याकडे धर्माला कर नाही, फक्त गणपतीची वर्गणी. तीही सोसायटी ग्रॉसवर ठरवते.

दोन फॉर्म सोळा | ८ डिसेंबर, सकाळी ८:५०

पुणेकर वर्षाच्या मधेच नोकरी बदलतायत, म्हणून लिहितो. आमच्या टीममधल्या एकाने यंदा सप्टेंबरपर्यंत सहा महिने पहिल्या कंपनीत महिना १,००,००० घेतले, ऑक्टोबर ते मार्च सहा महिने दुसरीत १,३०,०००. पहिलीने वर्षाचे १२ लाख धरले, प्रमाणित वजावट काढून ११,२५,०००, टीडीएस शून्य. दुसरीला त्याने आधीचा पगार सांगितलाच नाही. तिने तिचे ७,८०,००० धरले, त्यातूनही ७५,००० वजा केले, टीडीएस शून्य. गडी खूश, सगळ्यांना सांगत फिरतोय की सरकारने टॅक्स काढून टाकलाय.

विवरणपत्र भरताना मात्र एकूण १३,८०,००० होतील, वजावट एकदाच, करपात्र १३,०५,०००. कर ७५,७५०, सेससकट ७८,७८०, वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. आधीच्या पगाराची माहिती देणारा फॉर्म १२बी भरून दिला असता तर दुसऱ्या कंपनीने तेच महिन्या-महिन्याने कापले असते.

खतावणी | ८ डिसेंबर, सकाळी ९:३०

फार कामाचं लिहिलंत. पुणेकरांच्या बाबतीत उलट चांगली बातमी आहे. जानेवारीपर्यंत ७८,००० प्रमाणे दहा महिने म्हणजे ७,८०,०००. फेब्रुवारी-मार्चचे २,२०,०००. एकूण १० लाख, करपात्र ९,२५,०००. यंदा कर शून्य. म्हणजे फेब्रुवारीत हातात १,०३,७०० येतील, व्यवसाय कर ३०० असल्यामुळे. मार्चमध्ये १,०३,८००. आणि एप्रिलमध्ये अचानक ९९,९०० किंवा ९५,९३५. तेव्हा "पगार का कमी केला" म्हणून एचआरशी भांडायला जाऊ नका. १२बी मात्र द्याच. बजेटमध्ये स्लॅब तसेच राहिले असं धरून बोलतोय. एप्रिलपासून नवा आयकर कायदा येतोय, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलतील, गणित तेच.

एफडीचं व्याज, बचत खात्याचं व्याज हेही या बेरजेत येतं. नव्या प्रणालीत बचत व्याजालाही वजावट नाही. आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला १२ लाखांची माफी लागू होत नाही, ते वेगळं भरायचं.

गोंधळलेला पुणेकर | १० डिसेंबर, रात्री ९:५५

एचआरवालींनी सांगितल्याप्रमाणे सगळं मेलवर विचारलं. उत्तरं आली:

व्हेरिएबल दर जूनमध्ये, आर्थिक वर्ष संपल्यावर. पहिल्या वेळी दोन महिन्यांच्या प्रमाणात, म्हणजे पूर्ण मिळालं तर २६,६६७. मागच्या वर्षी किती टक्के दिलं ते "गोपनीय" आहे. तक्ता सध्या तरी असाच राहील. पीएफ १,८०० की १२ टक्के हे रुजू होतानाच निवडायचं. आणि स्पेशल अलाउन्समधून कंपनीच्या नावे एनपीएस लावता येतं, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. हे शेवटचं काय प्रकरण आहे? घ्यावं का?

खतावणी | १० डिसेंबर, रात्री १०:४०

घ्यावं का म्हणता! आधी ते जूनचे २६,६६७ पाहा. पुढच्या आर्थिक वर्षात तुमचं करपात्र होईल १२,७१,६६७. म्हणजे दलदलीच्या पट्ट्यातून नेमके बाहेर. कर ७०,७५०, सेससकट ७३,५८०. व्हेरिएबल नसतं तर ४६,८००. फरक २६,७८०. तुम्हाला मिळणार २६,६६७ आणि त्यापायी कर वाढणार २६,७८०. तुमचं पहिलं व्हेरिएबल घेतल्याबद्दल तुम्हालाच ११३ रुपये खिशातून.

आता एनपीएस. कंपनी घालते तो भाग बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजा होतो. नव्या प्रणालीत पगारदाराला उरलेल्या मोजक्या वजावटींपैकी ही एक. १२ टक्के लावलं, वर्षाचे ७२,०००, तर करपात्र ११,९९,६६७. कर शून्य. ७३,५८० वाचले आणि ७२,००० तुमच्याच नावावर पडले. महिन्याला हातात १,१०,००० वजा एनपीएस ६,००० वजा पीएफ ६,००० वजा २०० = ९७,८००. एनपीएस न घेता ७३,५८० चा टीडीएस बाराने भागला तर हातात ९७,६६८. म्हणजे एनपीएस घेऊन हातात जास्त!

चहाबाज | १० डिसेंबर, रात्री १०:५२

हे खरं आहे? मी दोनदा बेरीज केली. खरं आहे.

पण एनपीएसचे पैसे मधेच सहज काढता येत नाहीत, हे सांगा त्यांना.

खतावणी | १० डिसेंबर, रात्री ११:०५

सांगतो. हाताशी लागणारे पैसे समजू नका, निवृत्तीसाठीच अडकतात, आणि शेवटी ठरावीक भागाची पेन्शन घ्यावी लागते. एरवी १५.६ टक्के वाचवण्यासाठी कोणी पैसे अडकवावेत का यावर मी वाद घालीन. पूर्ण वर्षाचं व्हेरिएबल मिळायला लागलं की तुम्ही त्या वादात येता: ८४,००० अडकवून १३,१०४ वाचतील, तेव्हा पुन्हा विचार करा. पण पहिल्या वर्षी पैसे नाहीतरी जाणारच आहेत, आयकराकडे किंवा एनपीएसकडे.

फक्त १२ नको. ११,९९,६६७ म्हणजे १२ लाखांना ३३३ रुपये कमी. बचत खात्याच्या व्याजानेच ओलांडाल. १४ टक्के लावा, ८४,०००. करपात्र ११,८७,६६७, व्याजासाठी १२,३३३ ची जागा राहते. हातात ९६,८००.

गोंधळलेला पुणेकर | १० डिसेंबर, रात्री ११:२०

म्हणजे एफडी माझ्या नावावर आहे तिचं व्याज वर्षाला ९,००० च्या आसपास, बचत खात्याचं दीड-दोन हजार. बसतंय. १४ टक्के आणि पीएफ १२ टक्के असं उद्या कळवतो. विम्याच्या १९,१४० मध्ये आई-बाबा आहेत का तेही विचारतो, असतील तर बाहेरचा २५,००० चा हप्ता पुढच्या वर्षी बंद करता येईल.

एचआरवाली | ११ डिसेंबर, सकाळी ८:३०

बाहेरचा बंद करू नका. कंपनीचा विमा नोकरीसोबत संपतो. वय वाढल्यावर नव्याने घ्यायला गेलात तर आधीच्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागेल. आणि एनपीएसचा फॉर्म एप्रिलच्या पेरोलच्या आधी द्या, आमच्याकडे साधारण २० तारखेला पेरोल बंद होतं. तुमच्याकडे कधी ते विचारून घ्या.